वऱ्हाडचा कापूस आणि युद्धांचें रसायन

युद्धकाळांत शास्त्रांची प्रगति झपाट्यानें होते, हें वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधांत आम्हांस दरवर्षीं वाचावयास मिळतें. त्याच्या पुष्ट्यर्थ अणुबॉम्ब, रडार आणि जेट विमान हीं तीन उदाहरणें बहुधा ठरलेलीं असतात. उदाहरणें खोटीं नाहींत. परंतु तीं वाचून असें वाटूं लागतें कीं, हा सर्व उद्योग कोठें तरी समुद्रापलीकडे चालला आणि अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनीशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. वस्तुस्थिति निराळी आहे. आमच्या कास्तकारांच्या पऱ्हाटीचा आणि तीन मोठ्या युद्धांचा संबंध इतका निकटचा आहे कीं, तो समजून न घेतां पाठीवर फवारा घेऊन शेतांत शिरणें आम्हांस धोक्याचें वाटतें. हें विधान कोणास विचित्र वाटेल. त्याचा उलगडा लेखाच्या उत्तरार्धांत होईल. पालकांनीं तेवढा भाग तरी मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

पहिलें युद्ध अमेरिकेंतील. इ. स. १८६१ च्या एप्रिल महिन्यांत तेथील उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं, आणि इंग्लंडांतील लँकेशायर परगण्याच्या गिरण्यांस जो कापूस त्या बंदरांतून जात असे तो बंद पडला. पुढील वर्षीं तेथील लाखों मजुरांवर उपासमारीची पाळी आली. तेव्हां व्यापाऱ्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं येऊन तेव्हां जेमतेम आठ वर्षें झालीं होतीं. पण येथील कापसाचें नांव जुनें होतें. आगगाडी नव्हती त्या काळीं, १८४२ सालीं, एकाच व्यापाऱ्यानें अमरावतीहून मिर्झापूरच्या वाटेनें कलकत्त्याकडे एक लाख बैलांच्या पाठीवर लादून कापूस रवाना केल्याचें गॅझेटियरांत नमूद आहे. एक लाख बैल! त्या तांड्यांची धूळ किती दिवस खालीं बसली नसेल, याची कल्पना विद्यार्थ्यांनींच करावी.

युद्धाच्या चार वर्षांत कापसाचे भाव चौपटीच्या घरांत गेले. नेहमींच्या उत्पन्नाहून सुमारें ऐंशी कोटी रुपये मुंबईस अधिक मिळाले, असा जुन्या लेखकांचा हिशेब आहे. त्या पैशांतून समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या, पेढ्या निघाल्या, आणि सट्ट्याला ऊत आला. १८६५ मध्यें युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हें दिसूं लागलें, आणि त्याच सालच्या जुलैच्या पहिल्या तारखेस मुंबईचा बाजार कोसळला. वऱ्हाडांत या तेजीची एक खूण मागें राहिली, ती लोखंडी रुळांची. भुसावळ, अकोला, बडनेरा करीत रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोंचली. खामगांवचा फांटा १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडण्यांत आला. लिव्हरपूलच्या बाजारांत आमच्या कापसास अमरावतीच्या नांवावरून ‘उमरा’ म्हणूं लागले.

परंतु तेथील मजुरांना हिंदी कापूस मनापासून आवडला नाहीं. पश्चिम हिंदुस्थानांतून येणाऱ्या सर्व कापसास ते सरसकट ‘सुरती’ म्हणत. लँकेशायरच्या एका प्रार्थनासभेंत कोणी भक्तानें देवापाशीं कापूस मागितला, तेव्हां दुसऱ्या एका कातणाऱ्यानें मध्येंच ‘सुरती नको’ अशी पुस्ती जोडली, अशी आख्यायिका आहे. त्यांत कातणाऱ्याचा दोष नव्हता. अमेरिकन कापसाचा धागा सुमारें एक इंच लांब, आमचा त्याहून पुष्कळ आखूड. त्यामुळें यंत्रावर सूत वारंवार तुटे, आणि मजुरी तर सुताच्या वजनावर. आमच्याकडे ‘बनी’ नांवाचा तलम कापूस होता. पण त्याचा उतारा कमी. भरघोस पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या ‘जरी’ जातीनें त्यास पुढें मागें सारलें. विकत घेणारा जोंपर्यंत वजनच पाहतो तोंपर्यंत पिकविणारा वजनच पिकवितो, हें उघड आहे. या आखूड धाग्याची आठवण ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

आतां शास्त्राकडे वळूं. कापसाचा तंतु म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. कर्ब, उज्जवायु आणि प्राणवायु या तीन मूलद्रव्यांनीं तो बनलेला असतो, आणि त्याची रचना साखळीसारखी असते. साखळीची प्रत्येक कडी म्हणजे द्राक्षशर्करेचा एक कण. अशा हजारों कड्या एकामागून एक जोडलेल्या असतात. प्रत्येक कडीवर तीन जागा अशा असतात कीं, तेथें दुसरें द्रव्य येऊन बसूं शकतें. स्वित्झर्लंडांतील बासल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यानें १८४६ सालीं असें जाहीर केलें कीं, कापूस नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणांत बुडवून, धुवून वाळविला, तर दिसावयास तो कापूसच राहतो, पण ठिणगी लागतांच क्षणांत नाहींसा होतो. त्या तीन जागीं नत्राम्लाचा अंश बसतो. त्यांत प्राणवायु भरपूर असल्यामुळें जळण्यासाठीं बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाहीं. यालाच गनकॉटन म्हणजे स्फोटक कापूस म्हणतात.

जुनी काळी दारू सोरा, गंधक व कोळसा यांची. ती पेटली म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर व राख होऊन राहतो. म्हणूनच जुन्या लढायांच्या वर्णनांत धुरानें रणांगण झांकोळून गेल्याचा उल्लेख हटकून येतो. स्फोटक कापसाचा सर्वच्या सर्व वायु बनतो. त्यामुळें धूर नाहीं, आणि जोर कितीतरी अधिक. परंतु आरंभीं हें द्रव्य करणाऱ्यांच्याच जिवावर उठलें. १८४७ सालीं इंग्लंडांतील फॅव्हरशॅम येथील कारखाना उडून अनेक कामगार ठार झाले. कारण फार मौजेचें आहे. कापसाचा तंतु नळीसारखा पोकळ असतो. कितीही धुतलें तरी त्या नळीच्या पोटांत आम्लाचा अंश दडून राही, आणि तोच पुढें घात करी. फ्रेडरिक एबल या शास्त्रज्ञानें १८६५ च्या सुमारास असा तोड काढला कीं, कागदाच्या गिरणींत चिंध्या कुटतात तसा हा कापूस पाण्यांत कुटून त्याचा लगदा करावयाचा, म्हणजे नळ्या फुटून आम्ल निघून जातें. एवढ्या साध्या युक्तीवर पुढच्या सर्व तोफखान्यांची इमारत उभी राहिली. याच एबलनें १८८९ सालीं ड्यूअर याच्या साहाय्यानें स्फोटक कापूस, नायट्रोग्लिसरीन व थोडें व्हॅसलीन मिसळून दोरीसारखी दारू तयार केली. तिला कॉर्डाइट हें नांव पडलें. आपल्या देशांत तिचा कारखाना नीलगिरि पर्वतांत अरुवनकाडू येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला.

येथें थोडें विषयांतर करतों. याच नत्रयुक्त सेल्युलोजमध्यें कापूर मिसळला कीं सेल्युलॉइड होतें, आणि त्याच्याच पारदर्शक पट्ट्यांवर आरंभींचे चित्रपट घेतले जात. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं अशाच पट्टीवर लोकांपुढें आला. म्हणजे हरिश्चंद्राची सत्यनिष्ठा आणि तोफेंतील दारू या दोहोंचें मूळ एका बोंडांत! जुनीं चित्रगृहें वारंवार पेटत, याचें कारण आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. असो.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां कापूस ही रणसामुग्रीच होऊन बसली होती. १९१५ च्या ऑगस्टमध्यें इंग्लंडनें कापसास युद्धनिषिद्ध माल ठरवून तो शत्रूकडे जाऊं न देण्याचा हुकूम काढला. जर्मनीनें लांकडाच्या लगद्यांतून सेल्युलोज काढून गरज भागविली. पण नुसत्या सेल्युलोजनें काय होणार? नत्राम्ल पाहिजे, आणि त्यासाठीं लागणारा सोरा दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांतून येई. ती वाट इंग्रजी आरमारानें बंद केलेली. हवेंत चार पंचमांश नत्रवायु आहे, पण तो कोणाशीं सहजासहजीं संयोग पावत नाहीं. फ्रिट्झ हाबर यानें १९०९ सालीं मोठ्या दाबाखालीं व उष्णतेंत नत्रवायु व उज्जवायु यांचा संयोग करून अमोनिया बनविला, आणि कार्ल बॉश यानें १९१३ सालीं ओपाऊ येथें त्याचा प्रचंड कारखाना उभारला. अमोनियापासून नत्राम्ल करतां येतें. जर्मनीचा दारूगोळा चार वर्षें पुरला याचें मोठें श्रेय, श्रेय म्हणावयाचें असेल तर, या कारखानदारीस आहे. १९१५ च्या एप्रिलांत ईप्र येथें शत्रूवर क्लोरीनचा विषारी वायु सोडण्याची योजनाही याच हाबरची, आणि १९१८ चें नोबेल पारितोषिकही त्याचेंच. मनुष्य एक, बुद्धि एक. त्याच्या पद्धतीनें बनलेला अमोनिया आज युरियाच्या गोणींतून आपल्या शेतांत येतो. गोणीवर ४६ टक्के नत्र असें छापलेलें असतें, तें पाहावें. जगांतील कोट्यवधि लोकांच्या ताटांतील अन्न या एका शोधावर अवलंबून आहे.

इंग्लंडची अडचण वेगळी होती. कॉर्डाइट मळण्यास ॲसिटोन नांवाचा द्रव लागे. मँचेस्टर येथें शिकविणाऱ्या खाइम वाइझमन यानें मक्यांतील पिष्ट एका सूक्ष्म जंतूकडून आंबवून ॲसिटोन काढण्याची रीत बसविली. हाच गृहस्थ पुढें इस्रायल राष्ट्राचा पहिला अध्यक्ष झाला. १९१७ सालीं मका मिळेना, तेव्हां इंग्लंडांतील शाळांच्या मुलांना हॉर्स चेस्टनट झाडाचीं बीं गोळा करावयास लाविलें. मुलांनीं पोतींच्या पोतीं भरलीं. तीं कशासाठीं हें त्यांना सांगितलें नव्हतें. आम्हां शिक्षकांना ही हकीकत वाचून जरा अस्वस्थ वाटतें.

दुसऱ्या महायुद्धानें वऱ्हाडला उलट बाजूनें धक्का दिला. आमच्या आखूड धाग्याचा मोठा गिऱ्हाईक जपान होता. १९४१ च्या जुलैमध्यें जपानशीं व्यापार तुटला आणि जो कापूस इतर कोणास फारसा नको होता, तो पडून राहूं लागला. १९४२ पासून सरकारनें ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम काढून कापसाऐवजीं ज्वारीसारखीं पिकें घेण्यास सांगितलें. ऐंशी वर्षांपूर्वीं एका युद्धानें ज्या मालाला सोन्याचा भाव दिला, त्यालाच दुसऱ्यानें दारांत बसवून ठेविलें.

त्याच सुमारास, म्हणजे १९४१ सालींच, आणखी एक गोष्ट घडत होती. तिचा येथें कोणास पत्ता नव्हता. इंग्लंडांत व्हिन्फील्ड व डिक्सन या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं खनिज तेल व दगडी कोळसा यांपासून मिळणाऱ्या द्रव्यांचा एक नवा धागा काढला. युद्धामुळें तो गुप्त ठेवण्यांत आला. पुढें तो टेरिलीन या नांवानें बाजारांत आला. त्याचें आजचें सामान्य नांव पॉलिएस्टर. हे दोघे जिच्या नोकरींत होते ती संस्था कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन, म्हणजे सुती कापड छापणाऱ्यांचा लँकेशायरकडील संघ! ज्या परगण्यानें १८६२ सालीं कापसावांचून उपास काढले, त्यानेंच कापसाला प्रतिस्पर्धी जन्मास घातला. अमेरिकेंतील कॅरदर्स यानें १९३५ सालीं शोधलेलें नायलॉन तर युद्धांत हवाई छत्र्यांसाठीं रेशमाच्या जागीं आलेंच होतें. आज जगांत जेवढा धागा तयार होतो त्यांत निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर असतें, आणि कापसाचा वांटा सुमारें एकपंचमांश उरला आहे. भाव पडले म्हणजे कास्तकार दलालाकडे बोट दाखवितो. त्यांत तथ्य असेलही. परंतु १९४१ च्या त्या प्रयोगशाळेकडेही एकदां पाहावें.

पेनिसिलिनसारख्या औषधाची मोठ्या प्रमाणावरील उत्पत्ति याच युद्धांत साधली, आणि पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही संस्था स्थापन होऊन तें आपल्या देशांत बनूं लागलें, हेंही सांगितलें पाहिजे. नाहींतर आमचें चित्र एकांगी होईल. परंतु आतां आम्ही मुख्य गोष्टीकडे येतों.

जर्मनींत गेऱ्हार्ट श्राडर नांवाचा रसायनशास्त्रज्ञ पिकांवरील किडी मारणारें औषध शोधीत होता. स्फुरदाचीं निरनिराळीं संयुगें तयार करतांना १९३६ च्या डिसेंबरमध्यें त्याच्या हातीं एक असें द्रव्य लागलें कीं, त्याचा थेंब मेजावर सांडतांच त्याची व त्याच्या साहाय्यकाची दृष्टि मंदावली आणि श्वास कोंडला. शेतावर वापरण्यास तें फार जहाल ठरलें. पण लष्करानें तें उचललें. तेंच टॅबून. त्यामागून सारीन आलें. जर्मनीनें हे वायु तयार केले, तरी रणांगणावर वापरले नाहींत. युद्धानंतर याच कुळांतील, तुलनेनें सौम्य अशीं, पॅराथिऑनसारखीं द्रव्यें कीटकनाशकें म्हणून जगभर पसरलीं. यशया संदेष्ट्यानें तरवारी ठोकून त्यांचे फाळ केल्याचें चित्र रंगविलें आहे. येथें फाळ झाला खरा, पण तरवारीची धार त्यास तशीच राहिली.

कापूस हें किडींचें आवडतें पीक. सन २००२ मध्यें बोंडअळीस न जुमानणारें बीटी बियाणें आलें, तत्पूर्वीं देशांतील एकंदर लागवडीच्या विसाव्या हिश्शाएवढ्या कपाशीवर जवळजवळ निम्मीं कीटकनाशकें खर्चीं पडत असें सांगत. बीटीमुळें फवारणी कांहीं काळ कमी झाली. पुढें गुलाबी बोंडअळी त्यास सरावली व फवारा पुन्हा पाठीवर आला. २०१७ सालच्या पावसाळ्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले, आणि शेंकडों जणांना रुग्णालयांत न्यावें लागलें. त्या वर्षीं पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, म्हणून फवारा खालीं न जातां तोंडासमोर उडत होता. हवा दमट, अंगावर घामानें भिजलेला सुती सदरा. वापरल्या गेलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होतें. तें श्राडरच्या कुळांतलेंच.

हीं विषें शरीरांत काय करतात? मज्जातंतूचा हुकूम स्नायूस पोंचविणारें ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य आपल्या शरीरांत असतें. हुकूम पोंचला कीं दुसरें एक एन्झाइम त्याचा तत्काळ निकाल लावतें, म्हणून स्नायु आकुंचन पावून पुन्हा सैल होतो. श्राडरचें विष त्या एन्झाइमलाच जखडून टाकतें. मग हुकूम संपतच नाहीं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोंकाएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, उलट्या होतात, स्नायु फडफडतात, आणि शेवटीं श्वासाचे स्नायु थकून बंद पडतात. कीटकाच्या शरीरांत हेंच घडतें, सैनिकाच्या शरीरांत हेंच, आणि फवारणाऱ्या मजुराच्या शरीरांतही हेंच. डॉक्टर यावर ॲट्रोपिन टोंचतात. विषारी वायूच्या भीतीनें सैन्यें आपल्या शिपायांजवळ जें औषध ठेवितात तेंच हें. तें बेलाडोना या धोतऱ्याच्या जातभाईपासून मिळतें. पण म्हणून कोणी घरीं धोतरा उगाळून देऊं नये, त्यानें दुसरें विष पोटांत जाईल.

हें विष तोंडावाटेंच जातें असें नव्हे. तें कातडींतून जातें, आणि भिजलेलें कापड तें अंगाशीं धरून ठेवतें. ज्या पोकळ नळ्यांनीं फॅव्हरशॅमच्या कारखान्यांत आम्ल दडवून ठेविलें, त्याच सदऱ्यांत विष दडवितात. म्हणून बाधेची शंका येतांच पहिलें काम कपडे काढणें. दुसरें, साबण व भरपूर पाण्यानें अंग धुणें. आणि लगोलग दवाखाना गांठणें. घरगुती उपायांत वेळ दवडूं नये. धुणाऱ्यानेंही हातांत रबरी मोजे घालावे. औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांस तर्क करीत बसावें लागत नाहीं. फवारणी वाऱ्याच्या दिशेनें पाठ करून करावी, आणि पऱ्हाटी छातीवर गेली असेल तर त्या शेतांत फवारा घेऊन शिरूंच नये.

बाटलीवर चौकटीच्या आकाराची एक खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागांतील रंग पाहावा. लाल असेल तर औषध अत्यंत विषारी, पिवळा असेल तर फार विषारी, निळा असेल तर मध्यम, आणि हिरवा असेल तर त्यांतल्या त्यांत कमी. ही खूण ज्यास अक्षर येत नाहीं त्याच्यासाठीं आहे. परंतु आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, अक्षर येणाऱ्या घरांतही ती कोणी कोणास समजावून सांगितलेली नसते. शेतावर रोजानें येणाऱ्या माणसास तर नाहींच नाहीं. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं या दिवाळीच्या सुटींत घरच्या प्रत्येक बाटलीचें नांव, रंग, आणि चिठ्ठीवर लिहिलेला उतारा वहींत उतरून आणावा. बाटलीबरोबर घडी घातलेलें एक पत्रक मिळतें, त्यांत मराठी मजकूरही असतो. तो फार बारीक टायपांत छापलेला असतो. ज्यास भिंग हवें असेल त्यानें प्रयोगशाळेंत सही करून घेऊन जावें.